रात्रीला किती पाने धरू?

गुहागरला जाऊन आलो असे सांगितले की लोक पहिल्यांदा काय विचारतात, याची मी गेले पाच महिने मनातल्या मनात नोंद ठेवली आहे. समुद्र कसा आहे, असे विचारणारे दोघे निघाले. व्याडेश्वराच्या देवळाची चौकशी करणारे तिघे. तेही आमच्यासारखेच, ज्यांचे कुलदैवतच तिथे आहे असे. बाकी झाडून साऱ्यांनी एकच प्रश्न केला, "जेवणाची सोय कशी आहे हो तिकडे?"

या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही. आपण मंडळी काशी-रामेश्वर करून आलो, तरी घरी आल्यावर आधी सांगतो ते कुठे वरणभात मिळाला आणि कुठे मिळाला नाही हे. म्हणून म्हटले, या प्रश्नाचे एकदा सविस्तर उत्तरच लिहून टाकावे. जेवण उत्तम आहे, हे एका वाक्यात सांगून होते. पण त्या जेवणापायी तिथे आमची जी शोभा झाली ती सांगितल्यावाचून 'सोय' या शब्दाचा अर्थ पुरता कळायचा नाही. मलाही तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळला.

चिरंजिवांचे लग्न होऊन पाच वर्षे झाली, नात तीन वर्षांची झाली, तरी कुलदैवताचे दर्शन राहूनच गेले होते. आमच्या सौ.नी शेवटी मे महिन्याचा मुहूर्त धरला. सौ., मी, चिरंजीव, सूनबाई, आमचे मेहुणे आणि नात, अशी साडेपाच माणसे निघाली. हा अपूर्णांक माझा नव्हे. तो ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंचा आहे. "मुलीला अर्धं पान धरते," असे त्यांनी टेलिफोनवरच सांगून टाकले होते.

माझ्या लहानपणी गुहागरला जाणे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचे आणि दाभोळला उतरायचे. तिथून होडीने वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आणि पुढे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी. आता कोकण रेल्वे आहे. १९९८ साली ती पूर्ण सुरू झाली. चिपळूणला उतरले की पंचेचाळीस किलोमीटरवर गुहागर. दाभोळ ते धोपावे या जलमार्गावर आता मोटारीसुद्धा फेरीबोटीत चढतात. आम्ही मोटारीनेच गेलो. शृंगारतळीचा बाजार मागे पडला, रस्ता सडा सोडून खाली उतरू लागला आणि एका वळणावर माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसला. मेहुणे म्हणाले, "वा!" आणि लगेच म्हणाले, "जेवायला पोचतो ना वेळेवर?"

त्या काळी आम्ही उतरायचो ते वडिलांच्या एका लांबच्या नातलगांकडे. नाते काय होते ते वडिलांनाही धड सांगता येत नसे. पण उतरण्यासाठी तेवढे नाते पुरे होते. जाताना वडील तांदूळ, तूरडाळ, साखर आणि चहाची पूड असा शिधा बरोबर नेत. निघताना घरातल्या लहान मुलाच्या हातावर नोट ठेवीत. यजमान "छे छे, हे काय!" म्हणत, वडील "त्याच्या खाऊला" म्हणत, आणि नोट मुलाच्या मुठीतून हळूच आत जाई. दर ठरलेला नव्हता, पण देवघेव होती. आज हिशेबाचा कागद समोर आला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही नोट विसरू नये.

आता गावोगाव घरगुती निवासाची सोय झाली आहे. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानेही 'निवास व न्याहारी' अशी योजना काढली: घरातल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना द्याव्या, सकाळचे खाणे द्यावे आणि चार पैसे मिळवावे. कोकणात खोल्या रिकाम्या असतात याचे कारण वेगळे सांगायला नको. त्या खोल्यांतली मुले मुंबईला आणि पुण्याला आपल्यासारख्यांच्या शेजारी राहतात.

आमचे घर मात्र खाली आगरात नव्हते. गुहागर गाव म्हणजे समुद्राला समांतर गेलेली एक लांब पट्टी. दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांत घरे, आणि वाड्यांच्या मागे सुरूचे बन आणि वाळू. आमचा मुक्काम या पट्टीच्या पाठीशी असलेल्या डोंगराच्या उतारावर होता. मोटार खाली ठेवून जांभ्याच्या पायऱ्या चढायच्या. मी मोजल्या, शहाण्णव भरल्या. वर चिऱ्याच्या भिंतींचे कौलारू घर, पुढे सारवलेले खळे, दोन कलमे, एक रातांब्याचे झाड, आणि पडवीत बसले की सारा किनारा हातावर ठेवल्यासारखा.

पडवीत एक फळा टांगलेला होता. काका शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे अक्षर वळणदार. दुपारची पाने सकाळी आठपूर्वी सांगावी. रात्रीची दुपारी चारपूर्वी. अंघोळीस माणशी एक बादली. न्याहारी आठ ते नऊ. खाली ताटाचा दर. सूनबाई हळूच म्हणाल्या, "वसतिगृहात आल्यासारखं वाटतं." मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले. चौथ्या दिवशी त्या फळ्यावरच्या एकेका ओळीचा अर्थ लागला.

पहिली ओळ पाण्याची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात डोंगरावर पाणी नसते. जांभा दगड सच्छिद्र. पडलेले पाणी खाली निघून जाते, उतारावरून वाहून समुद्राला मिळते. खाली आगरातल्या विहिरींना बारमाही गोडे पाणी, आणि शंभर पायऱ्या वर विहिरीत रहाटाचे पोहरे तळाला खडखडतात. काकू आठवड्यातून दोनदा टँकर मागवीत आणि टँकर चुकला की काका खालच्या शेजाऱ्यांकडून कळशा आणीत. जेवायला केळीचे पान का, याचे उत्तर इथे मिळाले. आम्ही समजत होतो ती हौस आहे, पाहुण्यांना कोकण दाखवण्याची. काकू म्हणाल्या, "हौस कसली! सहा ताटं, सहा वाट्या, सहा पेले घासायचे म्हणजे दोन बादल्या पाणी. पान उचललं की गोठ्यात."

दुसरी ओळ वेळेची. दहा पानांच्या स्वयंपाकाला तीन-चार नारळ लागतात. ते सोलायचे, फोडायचे, विळीवर खवायचे. सोलकढीसाठी आमसुले आधी भिजत घालायची, चव वाटून दूध काढायचे. कुळथाच्या पिठल्याला वेळ लागत नाही, पण घावनांना तांदळाचे पीठ हवे आणि मोदकाच्या उकडीला तर नवे, वासाचे, बारीक दळलेले. घरात गॅस आहे. तरी भात आणि उकडीचे पदार्थ मागीलदारी चुलीवर होतात, कारण सोडणे आणि झावळ्या फुकटच्या असतात आणि गॅसची टाकी शहाण्णव पायऱ्या चढून येते. भाजीपाला बराचसा घाटावरून येतो. खालच्या बाजारात गाडी आली की मिळायचा. संध्याकाळी आठवले म्हणून मिळत नाही. चार वाजता पाने कळली तर साडेआठला पंगत बसते. यात शिस्तीचा बडेजाव नव्हता. निव्वळ गणित होते.

आणि त्या गणिताचे उत्तर काय येत असे! पहिल्या दुपारी पाने मांडली, शेंडा डाव्या हाताला. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, आंबोशीचे लोणचे. उजवीकडे कच्च्या गऱ्यांची भाजी, तिच्यात आठळ्या, वर चव पेरलेली. मध्ये भाताची मूद, वरण आणि तूप. सोललेल्या काजूगरांची उसळ पळीने वाढली तेव्हा मेहुण्यांनी पुण्यातला काजूचा भाव काढला आणि आम्हाला त्यांना गप्प करावे लागले. पोळी नव्हती. काकूंनी रसाबरोबर घावने वाढली. आमरस म्हणजे पुरी, असे मानणाऱ्या आमच्या सौ. दोन घावनांनंतर म्हणाल्या, "गहू इथे पिकत नाही हे बरंच झालं." शेवटी सोलकढी. कोकमाचा हा रंग बाटलीतल्या सरबतात का येत नाही, असे सूनबाईंनी विचारले. काका म्हणाले, "बाटलीतलं पाणी रातांब्याला ओळखत नाही."

सौ.नी कृती उतरून घ्यायला वही काढली. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'वर, म्हणजे १९७० साली निघालेल्या त्या ग्रंथावर, त्यांचा संसार उभा आहे. वाटी-चमच्याचे माप सांगितल्याखेरीज त्यांचे समाधान होत नाही. काकूंचे माप मुठीचे. "किती मूठ?" तर "माणसं बघून." वहीचे पान कोरेच राहिले.

दुसऱ्या दिवशी चार तरुण आले आणि मासे मिळतील का, म्हणून विचारू लागले. काकूंनी नाही म्हटले, पण तोंड वाकडे केले नाही. खाली कुठल्या घरी ताजी मासळी चांगली करतात ते सांगितले आणि त्या घरी स्वतः टेलिफोनही केला. तरुण सकाळी आमच्या पंगतीला न्याहारीला मऊ भात-मेतकूट खात आणि दुपारी खाली सुरमई. दोन्ही घरे खूष.

एक गोष्ट सौ.च्या नजरेतून सुटली नाही. काकू आणि मदतीला येणाऱ्या वाडीवरच्या मावशी कधी जेवतात, हे कुणाला दिसत नसे. आमची पंगत दीडला उठे. मग शेणगोळा फिरे, पाने गोठ्यात जात, भांडी होत, आणि तीनच्या सुमारास मागीलदारी दोघी भांड्यातले उरलेसुरले पुढे घेऊन बसत. सौ.नी एकदा आग्रह केला, "आमच्याबरोबर बसा ना." काकू हसल्या. "मग वाढील कोण?"

आता ती शोभा.

तिसऱ्या दिवशी आम्ही वेळणेश्वर आणि हेदवीला जायला निघालो. पायऱ्या उतरताना काकूंनी वरून हाक दिली, "रात्रीला किती पाने धरू?" चिरंजीव मोठ्या तोऱ्यात ओरडले, "साडेपाच! आणि पोरीचं सांदण विसरू नका!" नातीने आदल्या दिवशी सांदण हा शब्द ऐकला होता आणि तेव्हापासून तिने त्याचा जप चालवला होता.

वेळणेश्वरला समुद्र माडांच्या मुळाशी येतो. हेदवीला दशभुज गणपतीचे दर्शन झाले, मग बामणघळीत पाणी उसळताना पाहिले. भरतीची वेळ होती. एकेक लाट घळीत शिरून वर उडे आणि नात टाळ्या वाजवी. तिथून हलता हलता सूर्यास्त झाला. वाटेत मेहुण्यांना भज्यांचा वास आला. भज्यांवर चहा झाला. मग पुढच्या गावात एका खाणावळीत दिवा दिसला आणि कुणीतरी म्हणाले, आता इथेच आटपून घेऊ, तेवढाच काकूंचा त्रास वाचेल. हे वाक्य कुणाचे होते यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. माझे असावे अशी मला शंका आहे.

पावणेदहाला पायऱ्या चढून वर आलो. पडवीत दिवा होता. पाच पाने मांडलेली, पाण्याचे पेले त्यांवर पालथे घातलेले, वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून. सहावे पान छोटे, टोकाकडचे कापून घेतलेले. काका खुर्चीत बसून होते. मावशी वाढायला थांबलेल्या होत्या. त्यांचे घर पलीकडच्या वाडीवर, आणि एरवी त्या नवाला निघत.

चिरंजीव म्हणाले, "काकू, आम्ही जेवूनच आलो. सॉरी हं! पैसे मात्र लावा हिशेबात."

काकू जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैसे लावीनच. पण भाताचं काय करू, ते सांगा."

आम्हा सहा जणांपैकी एकालाही उत्तर सुचले नाही. मावशींनी पदराने हात पुसले, काकूंनी डब्यात काहीतरी भरून त्यांच्या हाती दिले आणि त्या हातातली बॅटरी लावून काळोखात उतरू लागल्या. तो उजेड वळणावळणाने खाली जाताना आम्ही सगळे पडवीत उभे राहून पाहत होतो. त्या दिवशी टँकर आला नव्हता आणि सांदणाच्या भांड्यासाठीही काकांनी खालून पाणी आणले होते, हे मागाहून कळले.

नात मात्र झोपेतून उठली आणि म्हणाली, "माझं सांदण?" काकूंनी तिला पाटावर बसवले. बरक्या फणसाच्या रसातले पिवळेधमक सांदण तिच्या छोट्या पानावर ठेवले आणि वर नारळाचे दूध घातले. अर्ध्या पानाने तेवढी आमची अब्रू राखली.

सकाळी न्याहारीला फोडणीचा भात होता. भरपूर होता. आम्ही शाळेतल्या मुलांसारखे खाली माना घालून तो संपवला. मेहुण्यांनी तीनदा मागून घेतला; त्यांच्या भुकेचे मला प्रथमच कौतुक वाटले.

पाचव्या दिवशी निघताना काकांनी हिशेबाचा कागद दिला. तिसऱ्या रात्रीची साडेपाच पाने त्यात पुऱ्या दराने लावलेली होती. मी पैसे मोजले आणि म्हणालो, "काकू, त्या रात्रीचं मनात ठेवू नका."

त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहात म्हणून पैसे घेतले, भाऊ. पाहुणे आहात म्हणून रागावले. दोन्ही झालं, आता काही राहिलं नाही."

मोटारीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मी मनात म्हणत होतो, पूर्वीचे दिवस बरे होते. हिशेब नव्हता, राग नव्हता. ते मी उघडपणे बोलून दाखवले तेव्हा सौ. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या त्या नातलगांकडे स्वयंपाक कोण करायचं?"

मी आठवू लागलो. यजमान आठवले, त्यांची भिकबाळी आठवली, नोट घेणारा मुलगा आठवला. स्वयंपाकघरातून एक हात पडद्याआडून वाढायचे भांडे पुढे करी, तो हात आणि त्यातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या. चेहरा आठवेना. नाव तर मला कधी माहीतच नव्हते. आम्ही पाच-सहा माणसे न कळवता, बोट लागेल त्या वेळेला, भर रात्रीसुद्धा जाऊन पडायचो. ती बाई उठून चूल पेटवीत असेल. ती रागावत होती की नव्हती हे आम्हाला कळले नाही, कारण रागावण्याची तिला सोय नव्हती. नोट तिच्या मुठीत कधी गेली नाही.

काकूंचे तसे नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सौ.ना सांगितले होते की गेल्या पावसाळ्यापूर्वी मागच्या पडवीची कौले त्यांनी ताटांच्या पैशांतून बदलली. बँकेचे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. मावशींना महिन्याला ठरलेले पैसे मिळतात. फळ्यावरचे अक्षर काकांचे असले तरी दर काकूंनी ठरवलेला आहे. चाळीस वर्षे रांधल्यावर, रांधण्याला किंमत असते हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि पाहुणा चुकला तर तसे म्हणण्याचा अधिकारही मिळवला. आपण शहरातली माणसे 'घरगुती जेवण' हवे म्हणतो, तेव्हा आपल्याला चव घरची हवी असते आणि वागायला मोकळीक हॉटेलची. या दोन गोष्टी एका पानात बसत नाहीत.

तेव्हा गुहागरला जाणाऱ्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. सोय उत्तम आहे. फणस-आंब्यांसाठी मे, गर्दी नको असेल तर दिवाळीनंतरची थंडी. पाने किती ते वेळेवर सांगा आणि सांगितलेत की वेळेवर जेवायला या. बादली एक म्हटली की एकच घ्या. आणि शेवटच्या दिवशी आमच्या सौ. आणि सूनबाईंनी केले ते जमले तर करा. त्यांनी पदर खोचून पळ्या हातात घेतल्या आणि काकूंना व मावशींना दीड वाजता, आमच्याच पंगतीत, पाटावर बसवले. मी आणि चिरंजिवांनी पाणी वाढले. काकू दहा मिनिटे बसल्या असतील. तेवढ्यात दोनदा "आमटीत मीठ पुरे आहे ना?" असे आम्हालाच विचारून झाले आणि तव्यावरचे घावन करपेल म्हणून त्या उठल्याच. मावशी मात्र शेवटपर्यंत बसल्या आणि रस मागून घेतला.

घरी आल्यापासून माझ्यात एक बदल झाला आहे. बाहेर जेवून यायचे असले की मी दुपारी चारच्या आत घरी टेलिफोन करतो, "रात्रीला माझं पान धरू नका." सौ. म्हणतात, "गुहागरला तुम्हाला तीस वर्षं आधी न्यायला हवं होतं."